जाड तार

मी एक जुना फ्यूज आहे. एका लॉन्ड्रीच्या भिंतीवर बसवलेला, चिनी मातीचा, कडांना पिवळा पडलेला. माझ्या पोटात एक बारीक तार असते. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली की ती वितळते आणि पुरवठा थांबतो. मित्रांनो, वितळणे हा माझा दोष नव्हे; तेवढ्यासाठीच मला घडवले आहे.

लॉन्ड्रीच्या मालकाला हे पटत नसे. दोन्ही इस्त्र्या आणि धुलाईयंत्र तो एकदमच चालवी आणि तार वितळली की मला शिव्या घाली. शेवटी त्याने खिळ्याएवढी जाड, तेलकट तार माझ्यात कोंबली. "आता बघू कसा उडतो!" त्यानंतर मी कधीच उडालो नाही. त्याने माझे कौतुक केले. इतके किळसवाणे कौतुक मी दुसरे एकच ऐकले आहे.

ते इस्त्री करणाऱ्या त्याच्या थोरल्या वहिनींचे. "आमच्या वहिनींना थकवा ठाऊकच नाही!" असे तो गिऱ्हाइकांना सांगे. वहिनी सुट्टीनंतरही दमलेल्याच येत. झोप तुटलेली, डोके ठणकणारे. एकच कॉलर पुन्हा पुन्हा दाबत, कारण नसताना खेकसत. "भावजी, माझ्याच्यानं होत नाही हो," असे म्हणत. हा दात काढून चहा आणि डोकेदुखीची गोळी पुढे करी. जाड तार, दुसरे काय?

एका दुपारी भिंतीतल्या तारांचे आवरण तापून वितळू लागले. मळमळ आणणारा उग्र वास खोलीभर पसरला. वहिनी माझ्या अगदी खाली उभ्या होत्या, हलल्या नाहीत. मालकाने धावत येऊन मुख्य बटण बंद केले.

"वहिनी, वास नाही आला?"

"आला की."

"मग?"

"जळू दे म्हटलं."

त्याने वायरमनला बोलावून घेतले.

वायरमनने मला उपसले आणि ती तार चिमट्यात धरून नाक मुरडले. "हे कोणाचं डोकं?"

"सारखा उडत होता हो."

"मग भार कमी करायचा. त्याचं तोंड कशाला बांधायचं?"

वहिनींनी गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. "भावजी, उद्या मी डॉक्टरांकडे जाणार. महिनाभर येणार नाही. नंतर येईन ती अर्धा दिवस."

"अहो, पण हा ढीग?"

"दुसरी इस्त्री आहे ना? धरा."

आता माझ्यात पुन्हा बारीक तार आहे. मालक इस्त्री करताना धुलाईयंत्र बंद ठेवतो आणि चटका बसलेली बोटे चोखतो. वहिनी दुपारी निघतात. "हे दोनच शर्ट," तो म्हणतो, तोवर त्यांनी पिशवी उचललेली असते.

मित्रांनो, माझी आणि माणसाची तुलना अचूक नाही. माझी तार संध्याकाळपर्यंत बदलून झाली. वहिनींची झोप अजून पुरती परतलेली नाही. म्हणून कोणी "होत नाही" म्हणाले, तर त्याच्या हातावर गोळी ठेवण्याआधी एखादे यंत्र बंद करा.