माझ्या नाकावरची पाटी

मी इस्त्रीचं टेबल नाही. दार नाही, खाटेची फळी नाही, आणि ओल्या छत्र्या टेकवायची जागा तर मुळीच नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण नाशकात मला पाहून ज्यानं त्यानं यातलंच काहीतरी म्हटलंय. मी एक जुना पॅडलबोर्ड आहे. माझ्यावर उभं राहायचं आणि एका लांब वल्ह्यानं पाणी मागे सारत जायचं, हे माझं काम. जुना म्हणायला माझं वय काही फार नाही. पण शाळेच्या सायकल स्टँडमध्ये पावसाळाभर पडून राहिलं की कुणीही जुनाच दिसतो.

माझा जन्म सातपूरचा. मुस्तकीममामूंच्या छोट्याशा कारखान्यात पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनतात, तिथेच मीही बनलो. त्यांची भाची उजमा कर्णबधिर मुलांच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं आणि म्हणाली, "मामू, असा एक बनवाल का?" मामूंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "बनवू ना बेटा. टाकीत पाणी आत ठेवायचं, ह्याच्यात बाहेर. बाकी फायबर तेच." आतून पोकळ, बाहेरून गुळगुळीत आणि पिवळाजर्द असा मी तयार झालो. अंगावर एक भोक नाही. त्या वेळी माझं जे कौतुक झालं ते खरं कौतुक. पुढचं सगळं नुसतं नाटक!

गंगापूर धरणाच्या पाण्यावर उजमा माझ्यावर उभं राहायला शिकली. आधी शिकली ती पडायला. काठावरचे लोक हसायचे, "मॅडम, दार घेऊन कुठं निघालात?" माझ्या अंगाची आग व्हायची. उजमा मात्र केस पिळायची आणि परत चढायची. पुढे पुढे तर ती तासन्‌तास माझ्यावर उभी राहू लागली आणि हसणारे लोक कंटाळून घरी गेले.

हे सगळं ती हौस म्हणून करत नव्हती, बरं का. तिच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांना कानाचं मशीन लावलं तर ऐकू येईल, पण घरच्यांना ते परवडत नाही. म्हणून तिनं ठरवलं, अलिबागहून निघायचं आणि भर समुद्रातून मुरुडपर्यंत जायचं. त्या निमित्तानं लोकांनी मशीनसाठी देणगी द्यायची. रविराजशेठ नावाचे एक व्यापारी पुढे आले. सोबतच्या बोटीचा खर्च त्यांनी उचलला आणि भर सभेत सांगितलं, "मॅडम, तुम्ही मुरुडला पोचा. शाळेतल्या सगळ्या मुलांची मशीनं माझ्याकडून." टाळ्या पडल्या. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण शेठ पाटी घेऊन आले होते. चांगली जाडजूड, स्टीलची, वडिलांच्या नावाची. 'कै. पुंजाशेठ यांच्या स्मरणार्थ'. आपल्याकडे देवळातल्या पंख्यावर असते, बाकावर असते, पाणपोईवर असते, तशीच. बाकावर लावा ना, बाक कुठे समुद्रात जातोय? शेठ मामूंना म्हणाले, "चिकटवू नका, निघून पडेल. चार स्क्रू मारा. फोटोत पुढून दिसली पाहिजे."

मामूंच्या कपाळाला आठी पडली, मी स्वतः पाहिली. मला वाटलं, आता हा माणूस नाही म्हणणार. पण कसलं काय! भीड नावाची एक गोष्ट असते ना, तिनं घात केला. "शेठ एवढं करतायत, त्यांना नाही कसं म्हणायचं," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी ड्रिल मशीन उचललं आणि माझ्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, चार भोकं पाडली. स्क्रू पिळून त्यांची डोकी एम-सीलच्या लगद्यानं झाकली आणि म्हणाले, "काय होत नाय." उजमाला एका शब्दानं विचारलं नाही. तिनं पाटी पाहिली तेव्हा ती चिकटवलीय असंच तिला वाटलं.

अलिबागच्या किनाऱ्यावर पूजा झाली. आता नारळ फोडायला किनाऱ्यावर दगड काय कमी होते? पण नाही! शेठनी तो माझ्याच नाकावर, पाटीच्या शेजारी आपटला. एम-सीलला तडा गेला. मला तो कळला. बाकी सगळे खोबरं वाटण्यात गुंग. मामू असते तर त्यांना दिसलं असतं कदाचित, पण त्यांना कारखान्यातून निघताच आलं नव्हतं.

सुरुवातीला झकास चाललो होतो आम्ही. वारा पाठीशी, उजमा गुणगुणत होती. मग लाटा वाढल्या, पाटीवरून वाहू लागल्या, आणि त्या भोकांतून पाणी आत झिरपायला लागलं. थांबेचना. माझं नाक जड झालं, मग पोट जड झालं. उजमा वल्हं मारतेय, मारतेय, आणि मी जागचा हलत नाही. मी आतून ओरडत होतो, अगं बाई, खाली बघ, पाटीकडे बघ! पण ओरडून उपयोग काय? मला तोंड कुठाय!

"दादा, बोर्ड जड लागतोय हो," ती बोटवाल्याला म्हणाली.

"मॅडम, दमल्यावर सगळंच जड लागतं," तो म्हणाला.

तिनं ते खरं मानलं. गुडघ्यावर बसून वल्हवलं, मग पालथी पडून हातांनी पाणी ओढलं. मुरुडचा किनारा दिसत होता, माणसं दिसत होती. तिथेच तिचे हात थांबले आणि तिला बोटीत ओढून घ्यावं लागलं. ती एवढंच म्हणत होती, "मी कमी पडले."

तिला दवाखान्यात नेलं. मला बोटीवरच्या अनोळखी माणसांनी टेंपोत चढवलं. "लय जड हाय रे हे!" "फायबर असंच असतंय." झालं, संपला विषय!

रविराजशेठ म्हणाले, "पोचल्या असत्या तर दिलंच असतं." पाटीचा फोटो मात्र त्यांनी सगळीकडे पाठवला. लोकांच्या बारीकसारीक देणग्यांतून एकच मशीन आलं, ते रिदा नावाच्या मुलीला मिळालं. बाकीची मुलं वाट पाहत राहिली. मला शाळेच्या सायकल स्टँडमध्ये टाकलं, पोटातल्या पाण्यासकट. उजमा त्या बाजूला फिरकेना. कुणी परत जाण्याचं विचारलं की म्हणायची, "माझ्यात तेवढा दम नाही." व्हरांड्यातून दिवसातून दहादा ते कानावर पडायचं आणि मी नुसता चडफडत बसायचो. तुझ्यात दम होता गं! खोट माझ्यात होती!

परवा रिदाची सायकल माझ्यावर आपटली. ती थबकली. माझ्यावर थाप मारली, वाकून कान लावला, परत थाप मारली.

"पाणी," ती म्हणाली. "आत पाणी."

शाळेच्या सेविका सुमनबाई झाडत होत्या. "अगं, तुझं मशीनच वाजत आसंल. नवं हाय ना, व्हतं तसं. चल वर्गात."

"नाय. आत."

"टीचरला सांगून मशीन तपासून घेऊ हां."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! एवढ्या दिवसांत एका जीवाला माझं ऐकू आलं, आणि या बाई तिचाच कान तपासायला निघाल्या. पण रिदाही हट्टाची. वर्गात गेली आणि उजमाचा हात धरून तिला ओढतच घेऊन आली. उजमानं नाइलाजानं मला एका बाजूनं उचललं. उचललं कसलं, उचलताच येईना. पोटात डुबुक डुबुक वाजलं.

उजमाचा चेहरा बदलला. तिनं पाटीवरचं तडकलेलं एम-सील नखानं खरवडलं, खालचे स्क्रू पाहिले, धावत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला. पाटी खाली पडली. दोघींनी मिळून मला कलता केला आणि भोकांतून पाण्याची धार लागली. उजमानं बोट ओलं करून जिभेला लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली. मग तिथेच सायकलींच्या मधे फतकल मारून बसली आणि रडायला लागली. "रिदा, मी दमले नव्हते गं. मी एवढा समुद्र घेऊन चालले होते."

संध्याकाळी मामू आले. भोकं पाहिली, मान खाली घातली. "बेटा, शेठला नाही म्हणता आलं नाही."

"मला तर सांगता आलं असतं ना, मामू!" उजमा कडाडली. चांगली कडाडली, माझ्या वाटणीचंही बोलली. मग डोळे पुसून म्हणाली, "भोकं बुजवा. मी परत जाणार आहे. शेठना सांगा, नाव हवं तर माझ्या शर्टावर छापा." मामूंनी तिच्यासमोरच फोन लावला. म्हणाले, "शेठ, बोर्डाला आता पाटी लागणार नाही."

मित्रांनो, वस्तूला तोंड नसतं, म्हणून तिला जपायचं असतं. तिला भोक पाडायच्या आधी ती कुठे जाणार आहे एवढं तरी विचारा. आणि एखादं मूल म्हणालं, आत पाणी आहे, तर त्याचे कान नंतर तपासा, आधी आत बघा. आता जरा इकडे या आणि मला उलटा धरा बाबांनो, अजून थोडं राहिलंय पोटात.