मिठात आलेला चमचा

साल होतं दोन हजार चोवीस. त्या वर्षी संक्रांतीनंतर मोशीतल्या एका घरची भाजी-आमटी रोज बिघडू लागली. ती का बिघडते, हे फक्त दोघींना माहीत होतं. एक ती करणारी आणि दुसरी मी.

मित्रांनो, मी एक जुनी मिठाची बरणी आहे. चिनी मातीची, वरून तपकिरी, खाली पिवळट पांढरी. चाकणच्या बाजारात एका सासूने मला बोटाने वाजवून, कान देऊन पारखलं आणि नव्या सुनेच्या ओट्यावर आणून ठेवलं. ती सून म्हणजे शालनबाई.

त्या घराची एक रीत होती. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी चव बघायची नाही, अगदी रांधणारीनेसुद्धा. त्यामुळे मिठाचा सगळा अंदाज बोटांवर. शालनबाई तीन बोटांची चिमूट भरत, अंगठा हलकेच फिरवत आणि जास्तीचे कण परत माझ्यात पाडत. इंद्रायणीकाठच्या त्यांच्या शेतावर पुढे इमारती उभ्या राहिल्या. न्याहारीच्या भाकरीच्या जागी मुलाचा, जयदीपचा, कंपनीत न्यायचा डबा आला. पण चाळीस वर्षांत मीठ चुकलं नाही. पाहुणे त्यांच्या हाताचं कौतुक करत आणि मीही उगाच फुगत असे.

मग शालनबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, केमो, मग रेडिएशन. फोडणीचा वासही त्यांना सोसेना. सून सायली वाकडच्या ऑफिसातून दमून येई आणि पिशवीतलंच मीठ वापरी. मी ओट्याखाली गेले. तळाशी उरलेल्या मिठाचा दगड झाला. पण मला राग आला नाही. त्या दिवसांत मिठाकडे बघायला कुणाला सवड होती?

उपचार संपले. डोक्यावर बोटभर केस आले. एका सकाळी शालनबाईंनी मला काढून धुतलं, उन्हात वाळवलं, नवं मीठ भरलं. "चल गं बये," त्या म्हणाल्या, "लई दिस बसून खाल्लं आपण."

त्यांचा हात आत आला आणि मला कळलं. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. चिमटीत मीठ आलं की नाही, हेच त्यांना उमगेना. एक दिवस दुप्पट पडे, दुसऱ्या दिवशी चार कण. जिभेची चवही पुरती परतली नव्हती, म्हणून जेवतानाही पत्ता लागत नसे. पण घरचे पाण्याचे तांबे भरभरून पितात, हे त्यांना दिसत होतं. विचारलं की त्यांचे पती सोपानराव म्हणत, "झ्याक झालंय." जयदीप म्हणे, "एक नंबर, आई!"

एकदा जयदीप वडिलांना हळूच म्हणाला, "अप्पा, स्वयंपाकाला बाई लावू. आईला सांगू, डॉक्टरांनी आराम करायला सांगितलंय." शालनबाई दारामागेच होत्या. त्या तशाच मागे फिरून ओट्याशी आल्या. आजाराने त्यांच्याकडून पुष्कळ नेलं होतं. ओटा तरी आपला राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या रविवारी सायलीने आमटीचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "आई, खारट झालीय. खूपच."

"ए पोरी!" सोपानराव गरजले. "आजारी माणसाला आसं बोलत्यात व्हय?"

"त्या आजारी होत्या, अप्पा. आता ओट्याशी उभ्या आहेत. महिनाभर आपणच खोटं बोलतोय."

शालनबाईंनी विचारलं, "लई खारट?"

"समुद्र!"

आणि शालनबाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अवो, बीपीची गोळी खाता ना तुमी? आन् हे दोनदा वाढून घेतलं? मी उठले आन् तुमी आडवं झाला असता!"

"तू केलंस, मग न्हाई कसं म्हनायचं?" सोपानराव पुटपुटले.

तेव्हा कुठे शालनबाईंनी बोटं पुढे केली. "कळतच न्हाई गं ह्यांना. ब्लाउजचं हूक बी डोळ्यानं बघून लावते."

सायलीने एक छोटा चमचा आणला. शालनबाईंनी तोंड फिरवलं. "चमच्यानं मीठ? सासूबाई वरून बघत आसतील."

"बघू देत की. त्यांची सून परत स्वयंपाक करतेय, एवढं तर दिसेल."

चौघांच्या भाजीला किती चमचे, वरणाला किती, हा अंदाज बसायला दोन-तीन आठवडे गेले. पण चव बघितली नाही ती नाहीच. रीत राहिली, माप बदललं.

आज सोपानराव जेवताना एकच तांब्या पाणी पितात. जयदीप पहिल्या शिफ्टला आईचाच डबा नेतो आणि मीठ कमी असेल तर आल्याबरोबर सांगतो. बाई लावण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सायली सुट्टीच्या दिवशी शेजारी उभी राहून शिकते. शालनबाई तपासणीला वेळच्या वेळी जातात. अंगठ्याला आता कळतं, बाकीची बोटं सावकाश येताहेत. आली तर बरं, नाही तर चमचा आहेच, असं त्या म्हणतात. तो आत-बाहेर होताना माझ्या काठाचा एक टवका उडाला. उडू दे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मोठ्या दुखण्यातून उठत असेल, तर त्याचं काम मायेपोटी काढून घेऊ नका आणि खोटी वाहवाही करू नका. काय चुकतंय ते प्रेमाने सांगा आणि शेजारी उभे राहा. आमच्या घरी एकीने ते धाडस केलं, म्हणून आजही रोज सकाळी शालनबाई माझं झाकण उघडतात.