ताईचे लाल गाल

मेकॅनिकची थोरली बहीण त्याच्याच आगारात बस चालवायची. बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. पण दोनेक वर्षांपासून तिचे गाल आणि नाक लालबुंद दिसायला लागले, वर बारीक पुटकुळ्या आल्या, आणि प्रवाशांत कुजबुज सुरू झाली, की बाई पिऊन चालवते. तक्रार आली की ताई न कुरकुरता दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकायची. काटा दरवेळी शून्यावर. तरीही एकदा मेकॅनिकने चोरून तिची पाण्याची बाटली हुंगली होती. निव्वळ पाणी निघालं.

शेवटी ताई त्याला बरोबर घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी भिंगातून गाल न्याहाळले आणि सांगितलं, याला रोझेशिया म्हणतात. नेमकं मूळ अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही. पण चेहऱ्याच्या नसा आणि रक्तवाहिन्या भारी हळव्या होतात; ऊन, इंजिनाची धग, तिखट, मनस्ताप, कशानेही फुलतात. कातडीचं संरक्षण करणारी यंत्रणाच क्षुल्लक कारणावरून पेटून उठते. सगळ्यांच्याच चेहऱ्यावर राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे अशा कातडीवर जास्त सापडतात. दारूने लाली वाढू शकते, पण थेंबही न घेणाऱ्यांना हा आजार होतोच. आणि पुष्कळदा तो घराण्यात असतो.

ताईने स्वतःच्या नाकाला हात लावला. मग म्हणाली, "आमच्या बाबांचं नाक असंच होतं. पीत नाही म्हणून ते शपथा घ्यायचे, पण घरात कुणाला पटलं नाही."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

जिना उतरताना मेकॅनिकने बाटलीची गोष्ट कबूल केली.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "झाकण सैल ठेवलं होतंस. पण तू निदान तपासून पाहिलंस रे. बाबांच्या बाबतीत आपण तेवढंही केलं नाही."

तिथून दोघं घरी न जाता थेट आईकडे गेली. आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग मी इतकी वर्षं त्यांच्याशी भांडले ते कशासाठी?"

ताईने दोष दिला नाही. आईचा हात हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: नसा, रक्तवाहिन्या, ते किडे. आईला कळेपर्यंत तीनदा. मेकॅनिक दाराशी उभा राहून ऐकत होता. इतक्या जणांची बोलणी खाऊनही एवढी माया हिच्यात उरते कुठून, याचंच त्याला नवल वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मलमाने पुटकुळ्या बसल्या. लाली थोडी राहिली. ताईने ती पावडरीखाली कधी लपवली नाही.