तास बंद

यवतला हायवेच्या कडेला हौसरावांचा ढाबा होता. तिथं भाकऱ्या थापायला दोघी जणी यायच्या, जन्नतबी आणि सोजराबाई. घरचं आवरून दुपारी यायचं, दिवेलागणीला परतायचं. बोली तासाची, तासाला सहा रुपये. साल दोन हजार तीन-चारचं. सहा रुपयांत त्याच ढाब्यावर भाजीची वाटीसुद्धा मिळत नव्हती.

जन्नतबीच्या भाकरीसाठी ट्रकवाले पाटसपासून भूक राखून यायचे. हौसरावांना ते ठाऊक होतं. पण कबूल केलं तर बाई दर वाढवून मागेल, म्हणून ते भाकरीला नावं ठेवत आणि नावं ठेवत ठेवत चार खात.

एका उन्हाळ्यात त्यांनी नवाच कायदा काढला. "भाभी, आजपासून गिऱ्हाईक नसलं की तास बंद. चूल रिकामी, तर मजुरी कशाची?"

सोजराबाई भांडायलाच उठली. जन्नतबीनं तिला खाली ओढलं. "मालक म्हणत्यात ते बरोबर हाय," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली, की सोजराबाईला धसकाच बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणारे पांगले. हौसराव गल्ल्यावरून ओरडले, "तास बंद!"

जन्नतबीनं हात धुतले आणि सोजराबाईला घेऊन ती थेट पंख्याखालच्या टेबलावर जाऊन बसली.

"हे काय?"

"तास बंद हाय न्हवं? म्हंजी आता आम्ही कामाला न्हाई, गिऱ्हाईक हाय. एक चहा, दोघीत. आन् टेबल जरा पुसा, चिकट लागतंय."

वेटर जेवायला गेलेला. बाजेवर लोळणारे ड्रायव्हर खिदळायला लागले. हौसरावांनी दात खात टेबल पुसलं.

असं चार-पाच दिवस चाललं. मग एका दुपारी दोघींचा चहा नुकताच आला होता, तेवढ्यात वऱ्हाडाची गाडी ढाब्यासमोर येऊन बंद पडली. सगळं वऱ्हाड भुकेजलेलं, भराभरा टेबलं भरली.

"भाभी, उठा! तास चालू!"

"चालू-बंद करायला तास काय पाण्याची मोटर हाय? चहा गरम हाय, पिऊ द्या निवांत."

हौसराव चिडून स्वतःच परातीपाशी बसले. पहिली भाकरी चुलीत पडली. दुसरी ताटात पोचली, तशी नवरदेवाची आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय वो मामा, ही भाकरी हाय का वहाण?"

वऱ्हाड पोट धरून हसलं. हौसराव मिशीला पीठ माखलेल्या अवस्थेत जन्नतबीपुढं आले. "काय पाहिजे तुम्हाला?"

"आल्यापासून जाईस्तोवर तास चालू. आन् तासाला धा रुपये."

"आठ."

जन्नतबीनं बशीत फुंकर मारली आणि आरामात एक घोट घेतला.

"धा! धा रुपये!"

"जरा मोठ्यानं म्हणा मालक, पंख्याचा आवाज लई हाय."

हौसराव ओरडले. अख्ख्या वऱ्हाडानं ऐकलं. मग कुठं दोघी उठल्या, आणि परातीवर टपटप थापा पडायला लागल्या.

महिनाभरात आसपासच्या ढाब्यांवरच्या बायाही दहा मागू लागल्या. तिथले मालक हौसरावांशी भांडायला आले, तर हे छाती काढून म्हणाले, "मी आपणहून वाढवलं. माणसं जपावी लागत्यात."

चुलीपाशी सोजराबाईला राहवेना. "खोटं बोलतोय बघ गं!"

"बोलू दे की," जन्नतबी तोंडाला पदर लावून हसत म्हणाली. "दर आपला, मोठेपणा त्यांचा."