चौदावा सामना

हॅरल्ड टॅटरसॉलने विल्फच्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा खुपसला आणि हळूहळू दाबत नेला.

"आई गं!" विल्फ ओरडला.

हॅरल्डने अंगठा उचलून दोन बोटं बाजूला नेला. तिथे दुखायचं काही कारणच नव्हतं. तिथे त्याने दाबलं.

"आई गं!" विल्फ तितक्याच जोरात ओरडला.

गेली बावीस वर्षं ब्रॅकनशॉ क्लबच्या खेळाडूंचे पाय हॅरल्डच्या हाताखालून जात होते. मोडलेले, मुरगळलेले, सुजलेले, सगळे पाय त्याने पाहिले होते. इतका निरोगी गुडघा मात्र त्याने या मोसमात पाहिला नव्हता.

"काल सरावाला हरणासारखा पळत होतास."

"रात्रीत सुजला."

"कुठे सुजला? मला दाखव."

विल्फने छताकडे पाहिलं. "आतून सुजलाय."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. दोन वाजता अकरा नावं रेफ्रीच्या हातात पडायची होती, आणि तीनला सामना सुरू. सामन्यात मध्येच खेळाडू बदलायची सोय त्या काळी नव्हती. मोसमातला हा बेचाळिसावा, म्हणजे शेवटचा सामना. लंडनहून आलेल्या पाहुण्यांशी नुसती बरोबरी झाली तरी लीगचं अजिंक्यपद ब्रॅकनशॉचं होतं. हरले, तर ते डोंगरापलीकडच्या कॉल्डर्बीला जाणार होतं, आणि कॉल्डर्बीवाल्यांनी ते पुढची पन्नास वर्षं उगाळलं असतं. बाहेरच्या बोळात लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत क्लबच्या विजयांची सालं रंगवलेली होती. शेवटचं साल १९११. त्याखाली नुसतं वॉर्निश, आणि ते दरवर्षी नेमाने नवं केलं जायचं. गेली शेहेचाळीस वर्षं गाव त्या कोऱ्या लाकडाखालून ये-जा करत होतं.

हॅरल्डने उठून दाराला कडी लावली.

"आता बोल. खरं बोल."

विल्फ गार्साइड क्लबचा राइट-बॅक, उजव्या कडेचा बचावपटू. अठ्ठावीस वर्षांचा, बैलासारखा धट्टाकट्टा. तो टेबलावर उठून बसला आणि आपल्याच गुडघ्याकडे बघत म्हणाला, "डेनिसचे तेरा झालेत, हॅरल्ड."

पुढचं सांगायची गरज नव्हती. मोसमात निदान चौदा सामने खेळलेल्यालाच लीगचं पदक मिळतं, तेरावाल्याला हस्तांदोलन. ऑक्टोबरात विल्फचं गळ्याचं हाड मोडलं तेव्हा त्याच्या जागी डेनिस ऑग्डेन तेरा सामने खेळला होता. डेनिस चौतिसाचा. पुढच्या मोसमात क्लब त्याला ठेवणार नव्हता, तसं पत्रही त्याला पोचलं होतं.

"माझे अठ्ठावीस झालेत," विल्फ म्हणाला. "माझं पदक कुठे जात नाही. मी एकोणीस वर्षांचा इथे आलो तेव्हा ही जागा डेनिसची होती. मी ती घेतली. आणि विंगरला कसं अडवायचं ते मला शिकवलं कोणी? त्यानेच! दुसरा असता तर त्याने माझ्या बुटात खिळा ठेवला असता."

"आणि फॅरो?"

विल्फने गुडघा चोळला. फॅरो पाहुण्यांचा डाव्या कडेने चढाई करणारा विंगर, वीस वर्षांचं वारं प्यालेलं पोर. डेनिसचा तेरावा सामना डिसेंबरात याच लंडनवाल्यांशी झाला होता. त्या दिवशी फॅरोने एकट्याने तीन गोल केले होते.

"तेव्हा चिखल होता," विल्फ म्हणाला. "आज मैदान कोरडं आहे."

"कोरड्यावर तो जास्त पळतो, गाढवा."

"एक बरोबरी, हॅरल्ड. दहा जण आहेत की त्याला सांभाळून घ्यायला. तू फक्त मॅनेजरसाहेबांना सांग, गुडघा गेला. तुझ्या शब्दाबाहेर ते जात नाहीत."

हेच तर हॅरल्डला नको होतं. खोटं पकडलं गेलं असतं तर नोकरी गेली असती, पण तिचं एवढं काही नाही. खोटं पचलं असतं आणि फॅरो पुन्हा सुटला असता तर? मग या गावात पावाच्या दुकानात जाऊन तो कोणत्या तोंडाने उभा राहिला असता? पण त्याला डेनिसही दिसत होता. गेली नऊ वर्षं दर शनिवारी कपडे घालून तयार राहणारा आणि बहुतेक शनिवारी ते तसेच उतरवून ठेवणारा.

"न्हाणीघरात जाऊन बस," तो शेवटी म्हणाला. "आणि लंगड जरा. नाचत जाऊ नकोस."

विल्फ गेला. हॅरल्डने दोनदा हात धुतले. साहेबांपुढे म्हणायचं वाक्य तो मनात घोळवत होता, तेवढ्यात दार ढकलून, भिंतीला धरत, एका पायावर डेनिस ऑग्डेन आत आला.

"जिन्यावर घसरलो," तो म्हणाला. "डावा घोटा गेला बघ."

हॅरल्डने त्याला टेबलावर बसवून मोजा उतरवला. घोटा गार होता. सूज नाही, लाली नाही, काही नाही. त्याने तो गोल फिरवला तसा डेनिसने उशिराने श्वास ओढला, आठवण झाल्यासारखा.

हॅरल्डला हसू फुटलं आणि लगेच विरलं.

"आज या खोलीत एकही धड पाय येणार नाही असं दिसतंय."

"म्हणजे विल्फ येऊन गेला." डेनिस मोजा चाचपत म्हणाला. "काल मला म्हणाला, बूट नीट घासून ठेव. राखीव खेळाडूला असं कोणी सांगतं का? मी काय दूधखुळा आहे?"

"मग चालून आलेलं घे ना! त्याला द्यायचंय, तू घे."

"डिसेंबरात तो पोरगा तीनदा माझ्या बगलेतून गेला, हॅरल्ड. कुठून जाणार ते तिन्ही वेळा मला आधी कळलं होतं. पाय पोचले नाहीत." डेनिसचा आवाज शांत होता, पण टेबलाची कड त्याने घट्ट धरली होती. "ते आजही पोचणार नाहीत. हे मला कळतं, तुला कळतं. विल्फलाही कळतं, पण त्याचं काळीज मोठं आणि डोकं लहान."

"आज तो अडखळेलही. काय सांगावं?"

"आणि नाही अडखळला तर? माझा म्हातारा अकरा वाजल्यापासून कठड्याला धरून उभा आहे. १९११ साली तो तिथेच उभा होता. त्याला काय सांगू? बाबा, माझे चौदा झाले, पण बाकीचं कॉल्डर्बीला गेलं?"

"जन्मभर पस्तावशील, डेनिस."

"पस्तावेन ना. एकटा पस्तावेन. हरलो तर सगळं गाव पस्तावेल." त्याने पाय पुढे केला. "बांध. घट्ट बांध, साहेबांची नजर तीक्ष्ण आहे. आणि विल्फला कळू देऊ नकोस, नाहीतर तो माझं पदक माझं पदक करत रडत बसेल."

हॅरल्डने पट्टीची गुंडाळी घेतली. त्या धडधाकट घोट्याला त्याने इतकी नीट पट्टी बांधली की कुठे सुरकुती राहिली नाही. बांधून झाल्यावर तो डेनिसकडे न बघता बाहेर पडला.

मॅनेजर रॉलिन्सन टेबलाशी बसले होते. समोरचा कागद त्यांनी पालथा घातला होता. बाहेर तीस हजार माणसं गात होती आणि खिडकीची तावदानं थरथरत होती.

"गार्साइडच्या गुडघ्याचं काहीतरी ऐकतोय," रॉलिन्सन म्हणाले.

"गुडघा ठणठणीत आहे, साहेब. ऑग्डेनचा घोटा गेलाय. जिन्यावर मुरगळला."

रॉलिन्सननी चष्मा काढला.

"नक्की?"

"माझ्या हातांनी पट्टी बांधलीय."

रॉलिन्सननी कागद उलटा केला. दोन नंबरसमोर, म्हणजे राइट-बॅकच्या जागी, 'ऑग्डेन' लिहिलेलं होतं. शाई केव्हाच वाळली होती.

"गुरुवारीच लिहिलं होतं," ते म्हणाले. "गार्साइडला बाहेर बसवायला कारण सापडत नव्हतं. आज आपसूक सापडलंय म्हणून खूश होतो." त्यांनी त्या नावावर एक रेघ ओढली आणि वर 'गार्साइड' लिहिलं. लिहिताना टाक कागदात रुतला.

न्हाणीघरात हॅरल्डने विल्फला एवढंच सांगितलं, "ऊठ. डेनिसचा घोटा गेला."

"खोटं!"

"मी पाहिलाय. कपडे घाल."

विल्फचा चेहरा पडला. नशिबाला एक शिवी हासडून तो बूट बांधायला बसला. लंगडायचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली तरी दोन्हीकडे शून्य. मैदानाच्या कडेला बाकावर रॉलिन्सन, हॅरल्ड आणि डेनिस बसले होते. डेनिसच्या डाव्या पायात घरातली सपात होती आणि तिच्यातून पांढरी पट्टी दिसत होती. हॅरल्डने पायांत पाण्याची बादली धरली होती. कोणी गात नव्हतं आता. तीस हजार माणसं श्वास धरून होती.

आणि फॅरो सुटला.

मधल्या रेषेवर चेंडू मिळाला, एकाला त्याने हुलकावणी दिली आणि समोर मोकळं रान. विल्फ चार पावलं मागे होता. मग तीन. मग दोन. फॅरोने मारायला पाय मागे नेला त्याच क्षणी विल्फने मागून येऊन गवतावर अंग झोकून दिलं. त्याचा बूट चेंडूला लागला, नुसता चेंडूला, आणि चेंडू रेषेबाहेर गेला.

"पोचला! पोचला!"

हे डेनिस ओरडत होता. तो बाकावरून उठला होता आणि दोन्ही पायांवर उड्या मारत होता, एकदा, दोनदा, तीनदा, दोन्ही हात आभाळात. सपात कुठच्या कुठे उडाली होती.

चौथ्या उडीला तो थांबला. हळूच खाली बसला. पलीकडे रॉलिन्सन मैदानाकडे पाहत नव्हते. ते त्या पट्टीकडे पाहत होते. मग त्यांनी मान वळवून हॅरल्डकडे पाहिलं, आणि हॅरल्डने बादलीत पाहिलं.

तेवढ्यात रेफ्रीची शिट्टी वाजली आणि कठडे ओलांडून गाव मैदानात शिरलं. टोप्या उडाल्या. म्हातारी माणसं गवतावर बसून रडायला लागली. विल्फला चौघांनी खांद्यावर घेतलं, आणि तो तिथून डेनिसच्या नावाने हाका मारत होता.

रॉलिन्सन उठले, थोडं पुढे जाऊन त्यांनी सपात उचलून आणली आणि डेनिससमोर ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाच्या पाठीवर हात ठेवल्याचं हॅरल्डला आठवत नव्हतं. आता त्यांनी डेनिसचा हात घेऊन आपल्या खांद्यावर टाकला.

"चल, ऑग्डेन. भार टाक माझ्यावर."

डोळे पुसत, त्यांच्या खांद्याला धरून डेनिस गर्दीकडे लंगडत निघाला. लोक बाजूला होऊन वाट देत होते, टोप्या काढत होते. हॅरल्ड बादली घेऊन मागून चालत होता, म्हणून रॉलिन्सन समोर बघत, ओठ न हलवता जे म्हणाले ते त्याला ऐकू आलं.

"डावा, ऑग्डेन. दुखतोय तो डावा."