न ऐकता दिलेला शब्द

सुभेदार कमळाकर ओव्हाळ यांना उजव्या कानानं काहीच ऐकू येत नसे आणि डाव्यानं निम्मंशिम्मं. अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढलेल्या माणसाला हे दुखणं चुकत नाही. निवृत्त होताना फौजेच्या दवाखान्यानं त्यांना कानात घालायचं मशीन दिलं होतं. घरात टीव्ही बघताना ते मशीन घालत. उंबऱ्याबाहेर मात्र कधीच नाही.

गावात परतल्यापासून चार वर्षं ते पोरापोरींना पहाटे मैदानावर पळवायचे, पोलीसभरतीची तयारी करून घ्यायचे. कुणाच्या विधवा आईची पेन्शन अडली, कुणाचा दाखला अडला, की कागद घेऊन स्वतः कर्जतला जायचे. त्यातूनच यंदा लोक मागे लागले, "सुभेदार, पंचायत समितीला उभे राहा." कुठल्या पक्षानं तिकीट दिलं नाही, म्हणून अपक्ष उभे राहिले.

फॉर्म भरला त्या दिवशी भीमाबाईंनी मशीनची डबी पुढं केली. "आवो, आता तरी घाला. लोकं काय बोलतील ते कळाया नको?"

"बहिऱ्याला मत कोण देतं गं?" सुभेदार म्हणाले आणि डबी परत कपाटात ठेवून दिली.

प्रचार सुरू झाला. शाळेपासूनचा दोस्त जमाल बुबेरे यानं आपला टेंपो दिला, त्यावर भोंगा बांधला आणि स्वतःच चालवायला बसला. सून मेघा बायकांच्या बैठका घेई, मुलगा राकेश फोन सांभाळी. सुभेदार घरोघरी फिरत. त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरच्याच्या ओठांकडं बघायचं, कळलं तेवढं कळलं, नाही कळलं तर मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो, नक्की." निवडणुकीतला माणूस सगळ्यालाच हो म्हणतो, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. जमालला तेवढी आली. तो एकदा म्हणालाही, "कमळ्या, तू सगळ्यांना हो म्हणत सुटलायस रं. त्या बाईनं तुला इचारलं, तुमचं पोट बिघडलंय का, तर तू म्हनलास, नक्की."

डोंगरातल्या उंबरवाडीवर ते एकटेच गेले. टेंपो पायथ्याशीच थांबतो, पुढं पाऊण तासाची चढण. जमालच्या गुडघ्यांना ते जमेना. वाडीत चाळीसेक घरं, सगळी ठाकर आदिवासींची. अंगणात माणसं गोळा झाली. वाडीतले जुने जाणते बुधाजी पुढं येऊन बसले. त्यांची मिशी चांगली ओठ झाकून हनुवटीपर्यंत उतरलेली. ते बोलायला लागले आणि सुभेदारांना ओठांचा मागमूसही दिसेना. डाव्या कानात नुसतं पुटपुटल्यासारखं काही येत राहिलं. पाणी मागत असतील, नाहीतर रस्ता, सुभेदारांनी मनाशी धरलं. दुसरं काय मागणार?

बुधाजींचं बोलणं थांबलं. सगळी वाडी सुभेदारांच्या तोंडाकडं बघत होती.

"हो," सुभेदार म्हणाले. "नक्की."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. बुधाजींनी पुढं येऊन त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. सुभेदारांना ते जरा जास्तच वाटलं, पण चढण उतरेपर्यंत ते विसरूनही गेले.

बुधवारी संध्याकाळी राकेश धावतच घरात आला. तालुक्यातल्या एका मोठ्या पक्षाचे पुढारी आपल्या उमेदवारावर रुसले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गावात येऊन सुभेदारांना जाहीर पाठिंबा देणार होते. पाचशे माणसं, गाड्या, हार. घरात आनंद मावेना. निवडणुकीत समोर उभा होता दुसऱ्या पक्षाचा केतनशेठ. शेलूला इमारती उठल्या तेव्हा वाळू-खडी पुरवून तो मोठा झाला होता. त्याच्यासमोर टिकायचं तर असा पाठिंबा हवाच होता.

तेवढ्यात मेघाचा फोन वाजला. उंबरवाडीचा पदू बोलत होता.

मेघानं ऐकून घेतलं, फोन खाली ठेवला आणि सासऱ्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसली. "मामा, उद्या वाडीवर विहिरीतला गाळ काढायचाय. टिकाव-फावडी आहेत म्हणतो. तुमच्याकडं गमबूट असतील तर घेऊन या."

"मी कशाला?"

"बुधाजींनी तुम्हाला विचारलं होतं. ते म्हणाले होते, टाकी देतो, नळ देतो म्हणणारे लई आले, आम्हाला काही नको. गुरुवारी आम्ही विहिरीत उतरणार आहोत, तुम्ही आमच्याबरोबर उतराल का? तुम्ही नक्की म्हणालात."

सुभेदारांनी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"मी कळवते त्यांना," मेघा हळूच म्हणाली. "परवा येतील म्हणून."

"आणि मुळात तुम्ही ऐकलंच नव्हतं, बाबा," राकेश म्हणाला. "न ऐकता दिलेला शब्द कसला धरायचा?"

"मी नव्हतं ऐकलं," सुभेदार म्हणाले. "त्यांनी तर ऐकलं ना."

राकेशनं खूप समजावलं. पुढाऱ्यांना दुपारची वेळ मागून पाहिली. ती मिळाली नाही. शेवटी तो चिडून बाहेर निघून गेला. भीमाबाईंनी माळ्यावरून जुने फौजी बूट काढले आणि पुसून दाराशी ठेवले.

गुरुवारी उजाडता उजाडता सुभेदार वाडीवर पोचले. विहीर जुनी, दगडी बांधणीची. तळाला गुडघाभर काळा चिखल. पदू आणि ते दोघं खाली उतरले. खालून पाटी भरायची, वरून सहा जणांनी दोर ओढायचा. दोन तासांत दोघांचे नुसते डोळे तेवढे ओळखू येत होते. सुभेदारांना फार वर्षांनी बरं वाटत होतं. इथं कुणाशी बोलायचं नव्हतं, मान डोलवायची नव्हती.

साडेदहाच्या सुमाराला भरलेली पाटी अर्ध्यावर गेली आणि दोराची गाठ सरकली. "सरका! फौजी, सरका!" वरून वीसेक माणसं एकदम ओरडली. विहीर दणाणून गेली. सुभेदार पाठमोरे, वाकलेले, चिखल ओढत राहिले. पदूनं झेप घेऊन त्यांचा शर्ट धरला आणि मागं खेचलं. पाटी दगडामातीसकट ते उभे होते त्याच जागी आदळली.

त्यांना वर काढलं, पाणी पाजलं. बुधाजी अगदी जवळ येऊन बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "एवढं वरडलो आमी. तुला ऐकू नाय का येत, दादा?"

"नाही," सुभेदार म्हणाले. परक्या माणसापाशी हे ते पहिल्यांदाच बोलत होते. "एक कान गेलाय. दुसरा अर्धा."

"मंग त्या दिशी मी काय इचारलं, ते?"

"तेही नव्हतं ऐकलं."

"आन् हो म्हनलास?"

"म्हणालो."

"मंग आज आलास कशाला?"

"हो म्हणालो होतो ना," सुभेदार म्हणाले.

बुधाजी असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हसणं सगळ्या वाडीत पसरलं आणि सुभेदारही हसायला लागले. दुपारी नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी खाऊन सगळे पुन्हा कामाला लागले. उन्हं उतरायच्या आत दगडांतून स्वच्छ पाणी झिरपू लागलं.

खाली गावात मात्र व्हायचं ते झालं होतं. पुढारी आले, उमेदवार जागेवर नाही हे बघून संतापले आणि तसेच केतनशेठच्या घरी जाऊन त्याला पाठिंबा देऊन मोकळे झाले. राकेश दोन दिवस बापाशी बोलला नाही.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी समाजमंदिरासमोर सभा होती. माणसं बेताचीच होती. सुभेदार बोलायला उठणार, एवढ्यात वाडीची पंधरा-वीस माणसं येताना दिसली. पुढं बुधाजी होते, पण सुभेदारांनी त्यांना ओळखलंच नाही. चाळीस वर्षांची ती मिशी कातरून ओठांच्या वर आली होती.

बुधाजी सरळ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "आता दिसतंय का माजं बोलनं?" त्यांनी विचारलं.

दिसत होतं. शब्द न् शब्द दिसत होता. सुभेदारांनी मान हलवली. अनेकांनी आपल्याला सलाम ठोकले, आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण आपल्याला ऐकू यावं म्हणून कुणी स्वतःचं तोंड बदलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी भीमाबाईंकडं हात केला. त्या जणू वाट बघत असल्यासारख्या डबी पिशवीत घालूनच आल्या होत्या. सगळ्यांदेखत सुभेदारांनी मशीन कानात बसवलं.

"मंडळी," ते माइकवर म्हणाले, "मी तुमच्यातल्या पुष्कळांना हो म्हणालोय आणि कशाला ते मला माहीत नाही. मला ऐकू येत नाही, आणि हे सांगायची मला लाज वाटत होती. माझी चूक झाली. ज्यांना ज्यांना हो म्हणालो त्यांनी आज परत सांगा. मेघा लिहून घेईल. जे होणार नाही त्याला नाही म्हणेन."

मग एक म्हातारी उठली, मग दोघं, मग रांगच लागली. त्या संध्याकाळी सुभेदार सतरा वेळा नाही म्हणाले. राकेशनं कपाळाला हात लावला, पण रांगेला पाणी द्यायचं काम त्यानंच केलं.

मतमोजणी कर्जतला होती. आवारात दोन्ही बाजूंचे ढोल-ताशे आधीच येऊन ठेपलेले. त्या गोंगाटात मशीन शिट्ट्या मारायला लागलं, तेव्हा सुभेदारांनी ते काढून खिशात ठेवलं. शेवटची फेरी संपली, अधिकारी माइकवर काहीतरी बोलले आणि गुलाल उडाला. ढोल दोन्हीकडचे वाजत होते. केतनशेठच्या भोवती मोठा घोळका दिसला. सुभेदार समजले. फौजी माणूस; त्यांनी शर्ट नीट केला, घोळक्यातून वाट काढली आणि केतनला मिठी मारली. "अभिनंदन, शेठ. मनापासून."

केतननं आपल्या माणसांना हातानं गप्प केलं, सुभेदारांच्या डाव्या बाजूला आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "सुभेदार, तुम्ही आलात निवडून. अडतीस मतांनी."

"काय म्हणालात?"

केतननं पुन्हा सांगितलं, न चिडता, हळूहळू. हरलेल्या माणसानं दोनदा आपली हार उच्चारली, आणि वर त्याच्या माणसांनी आधीच घातलेला स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. मागून जमाल रडतरडत त्यांच्या पाठीवर थापा मारत होता. मेघा आणि राकेश गर्दीतून पोचले, तेव्हा सुभेदार केतनचा हात धरून नुसतेच उभे होते.

मिरवणूक निघाली, संपली. दुसऱ्या दिवसापासून सुभेदार मशीन घालून आभार मानायला बाहेर पडले, आणि मतं कुणाची मिळाली कुणाची नाही हे न बघता दारोदार गेले. त्याला एकोणीस दिवस लागले. अगदी शेवटी शेलूच्या नव्या इमारती उरल्या. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. चौथ्या मजल्यावर त्यांनी बेल वाजवली, तेव्हा मिस्बाह नावाच्या एका तरुण बाईनं दार उघडलं.

"मतदान तर होऊन गेलं ना?" ती गोंधळून म्हणाली. "आता काय राहिलं?"

"आभार राहिलेत," सुभेदार म्हणाले.

ती हसली, दारातून बाजूला झाली आणि आतल्या खोलीकडं बघून म्हणाली, "अम्मी, चहा ठेव गं. पाहुणे आलेत."

सुभेदारांनी ते ऐकलं, आणि चपला काढून आत गेले.