माझ्या दोन पट्ट्यांमधला सूर

मित्रांनो, पेटी म्हटलं की तुम्हाला आधी कपड्यांची पेटी आठवते, हे मला माहीत आहे. मी तसली नाही. मी गाते! म्हणजे कुणी भाता मारला आणि पट्ट्या दाबल्या, तर गाते. शहाणे लोक मला हार्मोनियम म्हणतात. पुसदच्या आमच्या गल्लीत मात्र मी नुसती श्रीकृष्ण गुरुजींची पेटी.

माझं अंग सागवानाचं. नागपूरच्या एका कारागिराने मला घडवलं. माझ्या पोटात पितळेच्या बारीक पात्या आहेत. तो एकेक पाती कानशीने घासायचा, वाजवून ऐकायचा आणि पुन्हा घासायचा. एका पातीचा एकच सूर, आणि जन्मभर तोच.

गुरुजी शाळेत संगीत शिकवायचे. काय थाट होता तेव्हा माझा! सकाळची प्रार्थना माझ्यावर, गणपतीच्या आरत्या माझ्यावर. बोरी अरब गावच्या भजनाला तर मी एसटीच्या टपावर बसून गेलेली आहे. कुणाचा सूर हलला की गुरुजी माझी पट्टी दाबून धरत आणि म्हणत, "पेटी काय म्हणते ते ऐक." मग सगळे गुपचूप माझ्या सुरावर येत. खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटायचं.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. शाळेत कीबोर्ड आला आणि मी माळ्यावर गेले. झुरळांनी भात्यात संसार थाटला. माझ्या डोक्यावर कुरडयांचा डबा आला.

मला खाली उतरवलं ते निकितामुळे. ती शेजारची, दहावीतली, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. गुरुजींची मुलगी कुंदा मस्कतला नर्स आहे. तिथे एका म्हाताऱ्या आजींची काळजी घेते. एकदा ती गुरुजींशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती आणि मागे त्या आजी एक जुनं अरबी गीत गात होत्या. निकिता कढीपत्ता द्यायला आली होती. ती जागची हललीच नाही.

"कुंदाताई, त्या मले शिकवतीन का जी?"

आजी हसल्या आणि हो म्हणाल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी फोनवर थोडं थोडं शिकणं सुरू झालं. कुंदा अर्थ सांगायची. दूर निघालेल्या सोबत्याला दिलेला निरोप होता त्या गीतात. अरबीतलं एक अक्षर घशाच्या पार तळातून काढावं लागतं. निकिता ते पोळ्या लाटताना घोटायची. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"काय वं, घशात काटा अडकला काय? पाणी पे!" तिची आई इंदुताई ओरडायच्या.

"आई, गाणं हाय हे!"

"हे गाणं? मंग आपली म्हैस बी गातेच म्हण!"

पण अक्षर बसलं, ओळी बसल्या. आजी खूश. मग गुरुजींना उत्साह आला. पोरीचा सूर पक्का करून देऊ म्हणून त्यांनी मला माळ्यावरून काढलं, पुसलं, झुरळं झटकली. निकिता गायला लागली. एका ठिकाणी, सा रे ग मधल्या ग वर, गुरुजींनी तिला थांबवलं.

"गंधार घसरून राह्यला तुहा."

"नाही जी गुरुजी, आजी तर असाच म्हणतात."

"म्हाताऱ्या हायेत त्या, आवाज हलत असंन. पेटी काय म्हणते ते ऐक."

निकिताने ऐकलं. काही दिवसांत तिचा ग माझ्या पट्टीवर अगदी मांडी घालून बसला. गुरुजी खूश झाले. मी नाही झाले. कारण आजींचं गाणं मीही फोनवर ऐकलं होतं. त्यांचा तो सूर माझ्या एका पट्टीच्या वर होता आणि दुसरीच्या खाली. तशी पातीच माझ्या पोटात नव्हती. पण भाता मारल्याशिवाय मला बोलता येतं का?

शुक्रवारी आजींनी ऐकलं आणि हात वर करून निकिताला मध्येच थांबवलं. कुंदा जरा अडखळत म्हणाली, "आजी म्हणतात, आधी बरोबर होतं. आता हे गाणं दुसरंच झालं."

शेवटचं कडवं अजून शिकायचं होतं. पुढच्या शुक्रवारनंतर आजी डोंगरातल्या गावी मुलाकडे राहायला जाणार होत्या. कुंदा तिथे नसणार, मग फोन लावणार कोण? ही ओळ जागेवर आली तरच पुढचं कडवं देईन, असं आजींनी बजावून सांगितलं.

"मी पेटीचं ऐकू का आजीचं?" निकिताचा आवाज चिरकला. "तसं म्हणलं तर तुम्ही थांबवता, असं म्हणलं तर त्या थांबवतात! मले शिकाचंच नाही!" उलटसुलट चपला घालून ती निघून गेली.

 गुरुजींनी फोनवर साठवून ठेवलेलं आजींचं गाणं लावलं आणि माझी पांढरी पट्टी दाबली. जुळेना. काळी दाबली. तीही जुळेना. शेवटी दोन्ही एकदम दाबल्या. माझ्या दोन पात्या घुर्र करून एकमेकींच्या अंगावर धावल्या. गुरुजींनी भाता सोडला आणि भिंतीवरून हाक मारली.

"निकिते! इकडं ये वं!"

"नाही येत जी!"

"ये म्हणतो ना! तुहाच सूर खरा होता. दोन पट्ट्यांच्या मधात हाय तो, अन् मधात तर नुसती फट हाय!"

निकिता धावत आली. "मंग मी येडी नव्हती ना?"

"येडा मी होतो. मोठे गवई म्हणत, पेटीत सगळे सूर नसतात. मले वाटे, नखरे करून राह्यले."

पण लागलेली सवय सुटायला वेळ लागतो, मित्रांनो. आठवडाभर ती त्या जागी आली की घसरून माझ्याच पट्टीवर यायची आणि स्वतःवरच चिडायची. गुरुजी आता फक्त सा धरत. बाकी माझ्या सगळ्या पट्ट्या गप्प.

शुक्रवार आला. कॉल लागला. गुरुजींनी सा धरला. निकिताने डोळे मिटले आणि गाऊ लागली. ती जागा आली, तसा मी श्वास धरला, म्हणजे धरता आला असता तर धरला असता. तिचा सूर वर गेला आणि बरोब्बर मध्ये उभा राहिला. ना इकडे, ना तिकडे. जराही डळमळला नाही.

आजींचा हात वर झाला नाही. ओठ मात्र हलू लागले. निकिता थांबली आणि आजींनी कौतुकाचा एक शब्दही न बोलता पुढचं कडवं सुरू केलं. निकिता त्यांच्या मागोमाग गायला लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबली नाही.

त्या दिवशी मी एवढी कमी वाजले, की बघणाऱ्याला वाटावं, ही बिघडली. माझं कौतुक कुणी केलं नाही. एरवी मी रुसले असते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वाद्यांना माळ्यावर टाकू नका. आमची धूळ पुसा, झुरळं हाकला, भाता फाटला तर वेळेवर चिकटवा. चाचपडताना आमचा सूर जरूर धरा. पण तुमच्या गळ्यात आमच्या पोटात नसलेला एखादा सूर सापडला, तर त्याला ओढून आमच्या पट्टीवर बसवू नका. आम्ही थांबतो. तुम्ही गा.